बेचाळीस हजर

वसतिगृहाच्या रात्रीच्या हजेरीवहीत अनंत चतुर्दशीची नोंद अशी आहे: पट ४२, हजर ४२, आजारी ०, रजा ०. वेळ ९.३०. खाली हाउस कॅप्टनची सही, तिच्याखाली रेक्टरची. अक्षर वळणदार, कुठे खाडाखोड नाही.

त्या वेळी वसतिगृहात मुलं होती एक्केचाळीस. बेचाळिसावा चर्नी रोडला उतरून, गुलालाने माखलेल्या गर्दीतून वाट काढत गिरगावातल्या आपल्या चाळीकडे निघाला होता.

शाळा मुंबईच्या पश्चिम उपनगरातली, फक्त मुलांची, सैनिकी शिस्तीची. नाव देत नाही, आणि मुलं ओळखू येतील असे बारकावे बदलले आहेत. प्रकरण घडल्यावर संस्थेने तिघांची चौकशी समिती नेमली. एक विश्वस्त, ते पेशाने वकील. एक नौदलातून निवृत्त झालेले अधिकारी. तिसरा मी, बाहेरचा, आयुष्यभर शाळामास्तरकी केलेला. अहवाल केव्हाच देऊन झाला. पण शिक्षकांच्या प्रशिक्षणात ‘नेतृत्वगुण’ आणि ‘चारित्र्यघडण’ हे शब्द आले की मला ही वही आठवते. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

वळण लागावं म्हणून

सैनिकी शाळा म्हटलं की महाराष्ट्रात आधी दोन नावं निघतात. डॉ. मुंजे यांनी १९३७ साली नाशकात काढलेली भोसला मिलिटरी स्कूल, आणि २३ जून १९६१ला सुरू झालेली साताऱ्याची सैनिक स्कूल, देशातली पहिली. मुंबईची स्वतःची परंपरा पाण्यावरची. १९२७ पासून माझगावला नांगरून ठेवलेल्या ‘डफरिन’ जहाजावर पोरांना व्यापारी जहाजांसाठी तयार करत.

आपली शाळा या कुठल्याच परंपरेतली नाही. खासगी संस्था, राज्य मंडळाचा अभ्यासक्रम, पाचवी ते दहावी. त्यावर पहाटेची पीटी, परेड, चकचकीत बूट, एनसीसीचा ज्युनियर डिव्हिजनचा ट्रूप आणि निवृत्त सुभेदारसाहेब, ज्यांना मुलं फौजेच्या रिवाजाप्रमाणे ‘उस्ताद’ म्हणतात. एनसीसी सोडली तर संरक्षण खात्याशी शाळेचा काडीचा संबंध नाही, पण फाटकाशी सिमेंटची तोफ आहे आणि प्रवेशाच्या दिवशी प्रत्येक आई मुलाला तिच्यापाशी उभं करून फोटो काढते.

प्रवेश अर्जात एक रकाना आहे: ‘पाल्याला या शाळेत का घालू इच्छिता?’ चौकशीच्या निमित्ताने मी त्या वर्षीचे सगळे अर्ज वाचले. एनडीए, म्हणजे सैन्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, लिहिणारे थोडे. बहुतेकांनी लिहिलेलं एकच, ‘वळण लागावं’. आई-वडील दोघंही सकाळी सातची लोकल धरतात, रात्री आठ-साडेआठला घरी येतात, मधल्या वेळात मुलगा आणि मोबाइल. या शहरात वळण विकत घ्यावं लागतं, असा त्या अर्जांचा सूर होता. मी त्यांना हसत नाही. माझ्या मुलीच्या वेळी आम्हीही तिला आजीच्या भरवशावर टाकून दोघं नोकरीला जात होतो.

वळण लावायची शाळेची रीत ठरलेली. चार हाउसेस, म्हणजे मुलांचे चार गट, प्रत्येकाचं आपलं वसतिगृह, चार कॅप्टन, वर्षभराचं गुणपत्रक, आणि २६ जानेवारीला सर्वोत्तम हाउसला ढाल. गुणपत्रकाकडे पुढे यायचंच आहे, म्हणून इथे एवढंच नोंदवतो की ते मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर काचेच्या फळ्यावर लागलेलं असे आणि मुलं ते क्रिकेटच्या स्कोअरबोर्डासारखं बघत.

वसतिगृहाच्या मधल्या मार्गिकेत, जिन्याला लागून, भिंतीवर पंधरा गुण रंगवले होते. सैन्याच्या निवड मंडळात, म्हणजे एसएसबीत, उमेदवाराच्या ठायी जे पंधरा ‘अधिकारी-गुण’ शोधतात तेच. पुढाकार, धैर्य, सहकार्य, जबाबदारीची जाणीव वगैरे. पुढे जिची हकीकत येते त्या आगीनंतर या भिंतीचा वरचा अर्धा भाग काळा पडला. कोणते गुण काळे झाले आणि कोणते वाचले यावर शिक्षकांच्या खोलीत बरेच विनोद झाले. ते इथे लिहीत नाही.

ती रात्र

आठवीतला हा मुलगा चाळीच्या लेझीम पथकात होता. श्रावणातल्या सुट्टीत सराव केला होता. विसर्जनासाठी रजेचा अर्ज केला, तो नामंजूर झाला. दुसऱ्या दिवशी संस्थेचे पाहुणे तपासणीला यायचे होते आणि सगळ्या मुंबईला सुट्टी असताना वसतिगृहात मात्र पितळी बकलं घासणं चाललं होतं. अर्जावर कारण लिहिलेलं नाही, फक्त ‘ना’ आणि सही.

मुलगा कॅप्टनकडे गेला. चारचौघांत कॅप्टनला ‘सर’ म्हणायचं असा नियम, पण दिवे मालवल्यावर सगळे त्याला ‘दादा’च म्हणत. हा दादा दहावीतला, पंधरा वर्षांचा, पोलीस हवालदाराचा मुलगा. वडील त्याच रात्री गिरगाव चौपाटीच्या बंदोबस्ताला होते.

समितीपुढे त्याने सांगितलं ते जवळजवळ त्याच्याच शब्दांत देतो: “माझे बाबा एकाही विसर्जनाला घरी नसतात. मी कधी पाहिलंच नाही ते. म्हटलं, ह्याला तरी जाऊ दे. तसं त्याला म्हणालो, जा, पण रात्रीची स्पेशल धरून ये. गिनती मी बघतो.”

‘गिनती मी बघतो’ हे वाक्य त्या वसतिगृहात नवीन नव्हतं. पण ते आम्हाला नंतर कळलं.

साडेनऊला फॉल-इन, म्हणजे मोजणीसाठी रांगेत उभं राहणं, झाला. कॅप्टनने ओळींवरून नजर फिरवली आणि कार्यालयात जाऊन ‘बेचाळीस हजर’ असा रिपोर्ट दिला. रेक्टर टीव्हीवर लालबागची मिरवणूक बघत होते. त्यांनी बसल्या जागी सही केली.

रात्री ११.४२ला जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत शॉर्टसर्किट झालं. आग मोठी नव्हती. धूर मात्र जिन्यातून सरळ वर चढला, कारण जिना म्हणजे धुराला चिमणीच. आणि इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, नाहीतर हे प्रकरण एका खोटारड्या पोराचं होऊन बसेल. त्या रात्री वसतिगृह त्याच कॅप्टनने वाचवलं. दिवे गेले होते. त्याने मुलांना वाकून, नाकाला ओले टॉवेल लावून, एकमेकांचा शर्ट धरून खाली आणलं. दोन मजल्यांवरची एक्केचाळीस मुलं पाच मिनिटांत मैदानात होती. मागच्या जिन्याला कुलूप होतं, मुलं रात्री पळू नयेत म्हणून, आणि किल्ली कार्यालयात. (या प्रकरणातली सगळ्यात जीवघेणी गोष्ट खरं तर हीच. कुलूप दुसऱ्याच दिवशी काढलं गेलं, म्हणून तिच्यावर कुणी जास्त बोललं नाही.) एवढं असूनही एकही मूल खरचटलं नाही.

११.४९ला मैदानात गिनती झाली. रेक्टरांच्या हातात संध्याकाळची वही. वहीत बेचाळीस, समोर एक्केचाळीस.

पाच मिनिटं

शाळेचे रात्रीचे रखवालदार राजापूरकडचे. मुलं त्यांना मामा म्हणतात. बदली माणूस मिळाला नाही म्हणून त्या वर्षी ते गणपतीला गावी गेले नव्हते. ‘एक वर राहिलाय’ हे ऐकताच त्यांनी खांद्यावरचा पंचा पाण्यात बुडवला आणि कुणाला काही न विचारता जिना चढले. फाटकावरच्या कॅमेऱ्यात वेळ दिसते: ११.५०.

११.५३ला खोकत बाहेर आले. “वर कोणी दिसत नाय. संडासात बघूचा रव्हला,” म्हणाले आणि पुन्हा आत गेले.

एक्केचाळीस मुलांपैकी निदान अकरा जणांना पक्कं ठाऊक होतं की वर कुणीही नाही. त्यात कॅप्टन होता. सगळे सावधानमध्ये उभे होते.

११.५४ला मागच्या रांगेतून सातवीतला एक मुलगा बाहेर आला. परवानगी न घेता रांग मोडणं हा त्या शाळेत गुन्हा. तो रेक्टरांपाशी गेला आणि म्हणाला, “सर, तो वर नाहीये. गिरगावला गेलाय.”

मामांना हाका मारल्या, त्या त्यांना ऐकू गेल्या नाहीत. ११.५८ला ते आपले आपण खाली आले आणि पायरीवरच कोसळले. धूर छातीत गेला होता. दोन रात्री रुग्णालयात ऑक्सिजनवर होते. बरे झाले. आजही त्याच फाटकावर आहेत, फक्त जिना चढताना मधे थांबतात.

सव्वा वाजता स्पेशल लोकलने आलेला आमचा लेझीमवाला कपाळावर गुलाल घेऊन मेसच्या मागच्या दाराने शिरायला गेला, तर अंगणात अग्निशमन दलाची गाडी उभी.

समितीच्या कामाचा अर्ध्याहून जास्त वेळ त्या पाच मिनिटांवर गेला. खोटी गिनती दिली हे समजण्यासारखं आहे. भाबडेपणा, मैत्री, थोडी मोठेपणाची हौस. पण समोर माणूस धुरात शिरतो आहे आणि तरी तोंड उघडत नाही, हे काय? वकीलसाहेबांनी त्याला तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, “मामा पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं, बघतील, कुणी नाही म्हणून परत येतील, मग सांगीन. परत आले. तेव्हा बोललो असतो तर विचारलं असतं, मघाशी का गप्प बसलास? सर, आधी एकच खोटं होतं. तेव्हा दोन झाली होती.”

नौदलवाले साहेब तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत होते. नंतर चहाच्या वेळी ते मला म्हणाले, जहाजावर मस्टर, म्हणजे माणसांची मोजणी, होतो, एक माणूस कमी भरतो, तेव्हा जहाज वळवून आख्खा समुद्र धुंडाळावा लागतो. आकडा चुकीचा दिला तर नसलेल्या माणसासाठी असलेली माणसं पाण्यात उतरतात. तो हिशेब या पोराला कुणी शिकवलाच नाही.

प्रश्नपत्रिकेत नसलेला प्रसंग

शाळेत आठवड्यातून दोन तास ‘लीडरशिप’चे असतात. चौकशीसाठी आम्ही कॅप्टनच्या वह्या मागवल्या. त्यात एसएसबीच्या सरावाची एक वही होती. तिथल्या मानसशास्त्रीय चाचणीत उमेदवाराला साठ प्रसंग देतात आणि तीस मिनिटांत प्रत्येकावर एका ओळीत लिहायचं असतं की त्या प्रसंगी ‘तो’ काय करतो. एनडीएची परीक्षा द्यायची ती बारावीच्या सुमारास, पण शाळेने आठवीपासूनच या साठ प्रसंगांचा रतीब घातला होता.

जुलै महिन्यातल्या एका पानावर प्रसंग होता: ‘रात्री वसतिगृहाला आग लागते. तो...’ कॅप्टनचं उत्तर: ‘तो अग्निशमन दलाला कळवतो, सर्वांना शांतपणे बाहेर काढतो, गिनती घेतो व वरिष्ठांना रिपोर्ट देतो.’ समोर लाल शाईत बरोबरची खूण, ‘छान’.

आणि सप्टेंबरमध्ये त्याने जवळजवळ तंतोतंत तेच केलं! जे शिकवलं ते पोरगा शिकला होता. ‘गिनती तूच खोटी दिलेली असेल तर तो...’ असा प्रसंग मात्र साठांत नव्हता. नसणारच. असले प्रश्न छापील यादीत घातले तर मुलं त्यांचीही छापील उत्तरं पाठ करतील.

एसएसबीबद्दल जाणकार एक गोष्ट नेहमी सांगतात. तिथे तीन परीक्षक वेगवेगळे बसतात: मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा अधिकारी आणि मैदानावर गटाची कामं देणारा अधिकारी. मनसा, वाचा, कर्मणा. शेवटी तिघांचा मेळ घालतात आणि तिन्हीकडे एकच माणूस दिसतो का ते पाहतात. आमच्या शाळेने या पद्धतीतून नेमकं उलटं उचललं होतं. भिंतीवर पंधरा शब्द रंगवले, वहीत साठ उत्तरं लिहून घेतली. वाचेचा भाग तेवढा पक्का करून घेतला.

दोन वह्या शेजारी शेजारी

सुभेदारसाहेबांचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं. “साहेब, फौजेत खोटा रिपोर्ट म्हणजे खेळ नाही. दोघांची नावं काढा. काढायची नसतील तर महिनाभर रगडा द्या, माझ्या हवाली करा.” मुख्याध्यापकांना हे सगळं शक्य तितक्या लवकर आणि शक्य तितक्या गुपचूप संपवायचं होतं. वर्तमानपत्रात आलं तर पुढच्या वर्षीचे प्रवेश गेले. दोघंही मला वाईट माणसं वाटली नाहीत.

रगड्याबद्दल, म्हणजे अंग मोडेपर्यंतच्या कवायतीच्या शिक्षेबद्दल, आधी सांगून टाकतो. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे २००९च्या कायद्याच्या, १७व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा करणं आणि त्यांचा मानसिक छळ करणं या दोन्हींवर बंदी आहे. शाळेच्या नावात ‘सैनिकी’ आहे म्हणून सूट मिळत नाही. आणि हा अधिकार शिक्षकाकडून काढून दहावीच्या कॅप्टनकडे दिला तर तो कायदेशीर होत नाही, उलट जास्त बेजबाबदार होतो. फ्रंट रोल, कोंबडा, कोपरावर रांगणं हे कॅप्टन लोक सर्रास देत होते आणि मोठी माणसं त्याला ‘कमांडचा अनुभव’ म्हणत होती. वकीलसाहेबांनी हे ठणकावलं तेव्हा खोली थोडी गारठली.

खरी गोष्ट सापडली ती मात्र कंटाळ्यातून. एका दुपारी जबाब देणारा शिक्षक उशिरा येणार होता. मी सहज म्हणून सिक रूमची वही मागवली आणि हजेरीवहीच्या शेजारी ठेवली.

जुलै ते सप्टेंबर, तीन महिने. या हाउसची एकही गैरहजेरी नाही आणि एकही आजारी नाही. सिक रूमच्या वहीत मात्र त्याच हाउसची मुलं अकरा रात्री दाखल. कुणाला ताप, कुणाला जुलाब. म्हणजे वहीप्रमाणे मुलगा एकाच रात्री फॉल-इनमध्ये उभाही होता आणि सिक रूममध्ये सलाइन लावून झोपलेलाही होता.

मग काचेच्या फळ्यावरचं गुणपत्रक काढायला लावलं. रात्रीच्या गिनतीत एक गैरहजर, उणे पाच. एक आजारी, उणे दोन, का तर नाहीतर परेड चुकवायला पोरं आजारी पडतात. आठवडाभर पूर्ण हजेरी, अधिक दहा. या हाउसने सलग दोन वर्षं ढाल जिंकली होती आणि ऑगस्टमधल्या प्रार्थनासभेत ‘शून्य गैरहजेरी’बद्दल या कॅप्टनसाठी सगळ्या शाळेने टाळ्या वाजवल्या होत्या.

तापाने फणफणलेल्या मुलाला साडेनऊला दोन मिनिटं रांगेत उभं करायचं आणि मग परत सिक रूमला न्यायचं, अशीही एक रीत होती म्हणे. जो खरं बोलेल त्याच्या हाउसचे गुण जाणार. जो आकडा जुळवेल त्याला टाळ्या. हे गणित दहा वर्षांच्या पोरालाही कळतं, आणि पाचवीत आलेल्या प्रत्येक पोराला ते कळलं होतंच. चारही हाउसेसच्या वह्या तपासल्या. कमीजास्त सगळीकडे तेच.

मुख्याध्यापकांना या दोन वह्या दाखवल्या तेव्हा ते बराच वेळ पानं उलटत राहिले. मग म्हणाले, “हे गुणपत्रक मीच बनवलं. बी.एड.ला असताना प्रोत्साहनावर प्रबंध लिहिला होता.”

मला त्या माणसाबद्दल आदर वाटला तो या क्षणी. रेक्टरांबद्दल वाटला नाही. तीन महिने न बघता सह्या करणाऱ्या माणसाने जबाबात लिहिलं होतं, ‘मुलांवर विश्वास टाकणे हा नेतृत्व प्रशिक्षणाचा भाग आहे.’

चुगलखोर

आमचं सगळं लक्ष कॅप्टनकडे असताना सातवीतल्या त्या मुलाचं काय झालं ते आठ दिवस कुणी विचारलंच नाही. मेसमध्ये त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. उशीवर कुणी तरी पेनाने ‘चु’ लिहून ठेवलं. तो कुणाला काही बोलला नाही. कळलं ते मामांमुळे. रुग्णालयातून परत आल्यावर त्यांनी चौकशी केली, “तो बारको पोरगो खंय हा?” आणि तो पाण्याच्या टाकीमागे एकटा बसलेला त्यांना सापडला.

शाळेच्या सभागृहात अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट अकादमीची आचारसंहिता मराठीत करून लावली आहे: कॅडेट खोटं बोलणार नाही, फसवणार नाही, चोरी करणार नाही आणि असं करणाऱ्याला खपवूनही घेणार नाही. शेवटचा तुकडा फार अवघड आहे. त्याच देशाच्या नौदल अकादमीत रीत थोडी सैल आहे. तिथे चूक दिसली तर थेट वर कळवण्याऐवजी आधी त्या माणसाशी समोरासमोर बोलायची मुभा असते. म्हणजे मोठ्या संस्थांनाही या तुकड्याचं काय करायचं ते एकमताने ठरवता आलेलं नाही. आम्ही मात्र तो भिंतीवर लावला आणि जेवायला गेलो.

मराठी शाळेत ‘चुगली’ हा शब्द पहिलीपासून भेटतो. बाईंना नाव सांगणारा तो चुगलखोर. मीही वर्गात “सारखी नावं सांगत येऊ नकोस” असं कैक पोरांना दटावलं आहे. दुसऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून सांगणं आणि कुणाचा जीव वाचावा म्हणून सांगणं यांतला फरक मी कधी वर्गात फळ्यावर लिहून दाखवला होता का? नाही. त्या मुलाने तो स्वतःहून, तेराव्या वर्षी, रात्री बाराच्या सुमाराला, धुरासमोर उभं राहून ओळखला. बाकीच्या दहांना ओळखता आला नाही, आणि ती काही वाईट मुलं नव्हती.

आमच्यातल्या एकाने सुचवलं की त्याला प्रजासत्ताक दिनी शौर्यपदक द्यावं. मी कडाडून विरोध केला. पदक मिळालं असतं तर दहावी होईपर्यंत मेसमध्ये त्याच्या शेजारी कुणी बसलं नसतं. शेवटी झालं ते असं: अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्यांना शाळेत बोलावलं. त्यांनी १४ एप्रिल १९४४ची गोष्ट सांगितली. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज पेटलं, पोटात कापूस आणि दारूगोळा एकत्र, आणि ते विझवायला गेलेले साठहून अधिक जवान स्फोटात गेले. अग्निशमन सेवा दिन १४ एप्रिलला असतो तो त्यामुळेच. मग म्हणाले, आम्ही जागेवर पोचलो की पहिला प्रश्न असतो, आत माणसं किती? त्या उत्तरावर ठरतं माझा माणूस आत जाणार की नाही. मुलांकडे न बघताच त्यांनी विचारलं, “तुमच्यापैकी कुणी तरी ते उत्तर दिलं म्हणे. बरं केलं.” नाव घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी खुर्ची भरली असं मी लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं. भरली नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर हळूहळू भरली.

काय झालं

कॅप्टनचे वडील गणवेशातच आले होते, रात्रपाळीहून. मुलाला ठेवा की काढा यावर अक्षर बोलले नाहीत. “ते मामा कसे आहेत?” एवढंच विचारलं आणि रुग्णालयाचा पत्ता घेऊन निघाले.

मुलाला काढलं नाही. फीत उतरवली, ती वर्षभरासाठी. सगळ्यांसमोर माफी मागायला लावावी असा एक प्रस्ताव होता, तो आम्ही दोघांनी हाणून पाडला. पोराला चव्हाट्यावर आणून बाकीच्या एक्केचाळीस जणांना आपण सज्जन आहोत असं वाटलं असतं, दुसरं काही नाही. त्याच्याकडे एक काम दिलं. महिनाभर रोज रात्री रेक्टरांबरोबर प्रत्येक खाटेपाशी जायचं, चेहरा बघायचा, मग आकडा लिहायचा. सुभेदारसाहेबांना ही शिक्षा मिळमिळीत वाटली. मलाही कधी कधी वाटते. मामांच्या फुप्फुसात धूर गेला होता, आणि त्यांच्या बाजूने समितीत कुणीच बसलेलं नव्हतं, हे मला अहवालावर सही करताना लक्षात आलं.

लेझीमवाल्याला दोन महिन्यांची घरची रजा बंद. त्याच्या अर्जावर कारण न लिहिता ‘ना’ लिहिणाऱ्यांना समज, पुढे कारण लिहायचं. रेक्टरांना मेमो. मेमो म्हणजे काय ते नोकरी केलेल्यांना सांगायला नको.

गुणपत्रकातून रात्रीची गिनती पूर्ण काढली, हजेरीला उणे नाही आणि अधिकही नाही. यावरून बराच वाद झाला. एका शिक्षकाचा मुद्दा खरा होता, गुण नसतील तर पोरं दांड्या मारतील. मारल्याच. ऑक्टोबरमध्ये वहीत पहिल्यांदा खरे आकडे दिसले आणि ते भयंकर होते. त्या वर्षी एकाही हाउसच्या नावापुढे ‘शून्य’ नाही. विश्वस्तांपैकी एकाने बैठकीत विचारलं, “तुमच्या समितीनंतर शिस्त ढासळली का हो?” आमच्याकडे उत्तर होतं, पण ते फळ्यावर लावण्यासारखं नव्हतं.

जानेवारीत मी पुन्हा गेलो होतो. नवा कॅप्टन वही घेऊन आला. पानावर छापील रकाने चार: पट, हजर, आजारी, रजा. त्यांच्या उजवीकडे, समासात, मुलांनी पट्टीने पेन्सिलची रेघ मारून पाचवा रकाना पाडला होता. वर लिहिलं होतं, ‘ठाऊक नाही’. आदल्या रात्रीची नोंद: पट ४२, हजर ३९, आजारी २, रजा ०, ठाऊक नाही १. त्याच्याखाली बारीक अक्षरात, ‘९.४०, सापडला, गच्चीवर वाचत होता.’

ही कल्पना कुणाची विचारलं तर कॅप्टन म्हणाला, “दादाची,” आणि लगेच जीभ चावून, “म्हणजे, जुन्या कॅप्टनची, सर.”

नव्या वर्षाच्या वह्या छापायला टाकायच्या होत्या. कारकुनाने नमुना मुख्याध्यापकांपुढे ठेवला आणि विचारलं, हा रकाना छापायचा का. मुख्याध्यापक चष्मा काढून बसले. तपासणीला येणारे पाहुणे विचारतील, ‘ठाऊक नाही’ म्हणजे काय? सैनिकी शाळा आहे की धर्मशाळा? नमुना त्यांनी टेबलावरच्या काचेखाली सरकवला आणि कारकुनाला सांगितलं, छापखान्याला दोन दिवस थांबायला सांग.